आत्याच्या ट्रंकेत चिनी मातीच्या अकरा डब्या निघाल्या, कशा ओळखायच्या आणि कशा सांभाळायच्या?

चिमणखण:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय आणि जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आमची आत्या गेल्या पौषात गेली. नारायण पेठेत वाड्यात दोन खोल्या होत्या तिच्या, वाडा आता पाडायला काढलाय म्हणून सामान हलवत होतो तर पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत नऊवारीच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या अकरा डब्या निघाल्या. सगळ्या चिनी मातीच्या, मुठीत मावतील एवढ्या. आत्या कॅम्पात शिवणकामाला जायची, साठ-सत्तरच्या दशकात, पारशी आणि अँग्लो-इंडियन घरांत बायकांचे फ्रॉक, ब्लाउज, पडदे असं सगळं शिवायची. त्यातली बरीच घरं पुढे परदेशी गेली, जाताना सामान वाटून टाकायची, तेव्हा आत्या शिलाईचे पैसे थोडे कमी घेऊन एखादी डबी मागून घ्यायची असं आई सांगते. आम्हाला लहानपणी लांबून दाखवायची फक्त, दिवाळीत, एकेक उलगडून, आणि परत गुंडाळून ठेवायची. मला वाटायचं सगळ्या आत्यांकडे अशा डब्या असतात.

सगळ्याच डब्या कशाकशासाठी वापरलेल्या आहेत. एकीत ब्लाउजची हुकं, एकीत चुलतभावाचा पहिला पडलेला दात, एकीत मोत्याची एकच कुडी. आता विचारायचं ते असं.

एक निळी आहे, वर पांढऱ्या उठावाच्या बायका, झगझगीत नाही, हाताला खडबडीत मऊ अशी काहीतरी. हिच्यात आत्या हळद ठेवायची आणि आतून पिवळीधमक झालीय. दुसरी बिजागरीची, अंड्याच्या आकाराची, पितळेच्या पट्टीला हिरवं चढलंय, आत 'लिमोज फ्रान्स' असं लिहिलंय आणि आणखी दोन शब्द आहेत ते फ्रेंच असावेत. तिसरी छोट्या ड्रेसिंग टेबलासारखी, झाकणावर आरसा आणि खिशातलं घड्याळ, सगळं मातीतच घडवलेलं, शिक्का काहीच नाही. चौथीच्या तळाला निळ्या दोन तलवारी एकमेकींवर. एक गुलाबाची, रॉयल अल्बर्ट बोन चायना. एकीवर 'मेड इन ऑक्युपाइड जपान'. एक पक्ष्याची आहे तिचं नुसतंच झाकण आहे आणि त्याला भलताच मोठा तळ लावून ठेवलाय, मुळीच बसत नाही. आणि एकीचे तीन तुकडे झालेले, कुणीतरी चिकटवलेत, सांधे पिवळे पडलेत.

चुलतभाऊ म्हणतो विकून टाक, ऑनलाइन खूप पैसे मिळतात. मला आधी समजून घ्यायचंय की हातात काय आहे. शिक्का बघून ओळखायचं असतं ना? आणि धुवायच्या कशा? घरात पितळ घासायची पावडर आहे ती चालेल का त्या बिजागरीला?

भिंगवाला:

ताई, आधी एक विनंती, आज काहीही धुऊ नका, घासू नका, ती पावडर तर त्या खोलीतही आणू नका. सोनेरी रेघ असते ना काठाला, ती भट्टीत भाजलेली असली तरी वरवरचीच असते, दोनदा घासलं की गेली, आणि गेली ती परत येत नाही.

मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली लक्ष्मी रोडला, डोळ्याला भिंग लावायची सवय त्यामुळे असल्या छोट्या वस्तूंचा नाद लागला. माझ्याकडे पंचवीसेक डब्या आहेत. बघायची पद्धत सांगतो. पलंगावर जाड गोधडी दुपटी करून पसरा, वर पांढरं सुती कापड, बांगड्या-अंगठ्या काढा. डबी उचलताना झाकणाला धरून कधीच उचलायची नाही, आधी झाकण काढून बाजूला, मग तळ दोन्ही हातांनी. माझ्या पहिल्या डबीचा तळ असाच निखळून फरशीवर पडला, त्यानंतर मी कुणाला हात लावू देण्याआधी हे सांगतो.

शिक्का सगळ्यात शेवटी बघा. सगळे लोक उलटं करतात आणि शिक्का वाचून मोकळे होतात, आणि तिथंच फसतात, कारण शिक्का मारायला काय लागतं? पहिल्यांदा बघा तळाची बैठक, म्हणजे ज्या कडेवर डबी टेकते ती. तिथे झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, पुसून काढलेली असते नाहीतर भट्टीत फळीला चिकटेल, तर ती कोरी कड पांढरी गुळगुळीत आहे का राखाडी भरड आहे ते बघा. मग मागून मोबाइलचा टॉर्च लावा, पोर्सिलेन असेल तर उजेड आरपार दिसतो, बोट फिरवलंत तर बोटाची सावली दिसते. साध्या मातीच्या डबीत काही दिसणार नाही. मग झिजलेलं कुठंय ते बघा. खरी वापरलेली डबी झाकणाच्या बोंडीवर, काठावर, बैठकीवर झिजते, म्हणजे जिथे बोट लागतं तिथे. जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलेली सगळीकडे सारखी तपकिरी असते.

तलवारींचं सांगतो. निळ्या दोन तलवारी ही मायसेनची खूण, ड्रेस्डेनजवळचा कारखाना, १७१० साली सुरू झालेला, युरोपात खरं पोर्सिलेन पहिल्यांदा तिथे निघायला लागलं. पण म्हणूनच त्या तलवारी जगात सगळ्यात जास्त चोरल्या गेल्यात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅमसननं तर जुन्या कारखान्यांच्या हुबेहूब नकला करण्याचाच धंदा केला. तुमच्या डबीवर नखाची कड फिरवा, तलवारी नखाला लागतात का? मायसेनच्या झिलईखाली असतात, नख सरळ घसरतं. लागल्या तर त्या झिलईवर काढलेल्या आहेत, मग बहुतेक दुसऱ्या कुणाच्या. वाईट वाटून घेऊ नका तसं निघालं तर, नक्कलही शंभर वर्षांची असू शकते आणि हातानं छान रंगवलेली असू शकते.

लिमोज हे कारखान्याचं नाव नाही, गावाचं आहे. तिथे जवळ १७६८ मध्ये पांढरी शुभ्र केओलिन माती सापडली आणि मग त्या भागात अनेक कारखाने निघाले, त्यामुळे नुसतं लिमोज म्हणजे नुसतं येवला म्हटल्यासारखं आहे, पैठणी कुणाच्या मागावरची ते कळत नाही. ते दोन शब्द 'पँ मँ' असतील, म्हणजे हातानं रंगवलेलं. पण भिंगातून बघा, पाकळीचा रंग बारीक बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसला तर ते छापील चिकटचित्र आहे, आणि कुंचल्याचा फराटा दिसला, रंग जाड-पातळ झालेला दिसला तर हाताचं. पुष्कळदा बाहेरची रेघ छापील आणि आत रंग हातानं भरलेला असं दोन्ही असतं. घड्याळवाल्याकडचं दहापटीचं भिंग पुरतं, ते आणा, बाकी काही नको.

आणि ड्रेसिंग टेबलाच्या डबीचा तळ परत नीट बघा, शिक्का नसेल पण मातीत दाबलेला आकडा असेल, तीन-चार अंकी. असेल तर कळवा.

बुधवार_रविवार:

झाकण आणि तळ वेगळे निघणं हे फार म्हणजे फारच होतं. मी जुन्या बाजारात मंगळवार पेठेत दर रविवारी जातो, जमलं तर बुधवारीही, सकाळी आठच्या आत, नंतर ऊन पण आणि गर्दी पण. तिथे विकणारा माणूस डबी एकीची झाकण दुसरीचं असं जमवून ठेवतो कारण नुसतं झाकण कोण घेणार? मी ३०० रुपयांना घेतलेली एक अशीच निघाली घरी आल्यावर. आता मी काय करतो, झाकणाच्या आतल्या बाजूला आणि तळाला रंगानं काढलेला बारीकसा आकडा असतो, रंगवणाऱ्याचा किंवा नक्षीचा, तो दोन्हीकडे सारखा असला तरच जोडी. शिवाय झाकण लावून हळूच फिरवून बघा, मूळ जोडीचं झाकण कुठल्यातरी एका जागी अगदी बसतं कारण भट्टीत तळ थोडा वाकतो आणि झाकण त्याच्यावरच ठेवून भाजलेलं असेल तर तेही तसंच वाकतं. पक्ष्याच्या झाकणाचा आकडा टिपून ठेवा, तळ कुठेतरी असेल. घरात बघा आधी, फार लांब जात नाहीत या वस्तू.

मातीकाम:

मी स्टुडिओ पॉटरी करते, कोथरूडला छोटी भट्टी आहे, त्यामुळे मातीबद्दल बोलते, बाजाराबद्दल भिंगवाले काका जास्त सांगतील.

तुमची निळी डबी पोर्सिलेन नाहीच, ती जॅस्पर, इंग्लंडच्या जोसाया वेजवुडनं १७७० च्या दशकात शेकडो प्रयोग करून बसवलेली माती. तळाला 'वेजवुड' मातीत दाबलेलं असेल, आणि सोबत 'मेड इन इंग्लंड' असेल तर विसाव्या शतकातली. तिला झिलई नसते, रंग मातीतच कालवलेला असतो आणि त्या पांढऱ्या बायका वेगळ्या साच्यात काढून ओल्यावर चिकटवतात, करंजीला कड लावतो तसं पाण्याचं बोट लावून. काही डब्यांना आतून झिलई देतात, तुमच्या डबीला नसावी म्हणून हळद धरली. आता चांगली गोष्ट ही की हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, हे आपल्या सगळ्यांना साडीवरनं माहितीये. कोमट पाणी, एक थेंब साधा साबण, मऊ जुना टूथब्रश, मग सावकाश वाळवून चार-सहा दिवस सकाळचं ऊन दाखवा, बरंच फिकं होईल. ब्लीच वापरायचं नाही, झिलई नसलेल्या आणि तडा गेलेल्या वस्तूत ते आत शिरतं आणि पुढे क्षार फुटून येतात, भिंतीला लोणा लागतो तसं.

खरं पोर्सिलेन साधारण १३०० ते १४०० अंशांना भाजतात, तेव्हा माती अर्धवट काचेसारखी होते, म्हणून पाणी पीत नाही आणि टिचकी मारली की खणखणीत वाजते. वरचे रंग मात्र नंतर वेगळ्या भट्टीत, ७०० ते ८५० च्या आसपास, म्हणजे ते वर बसलेले असतात, आत नाही. यातच धुण्याचं सगळं आलं. वस्तू दणकट आहे पण नक्षी नाजूक आहे. चिंच नाही, लिंबू नाही, डिशवॉशर नाही, गार-गरम एकदम नाही. बेसिनमध्ये नाही, प्लॅस्टिकच्या घमेल्यात खाली टॉवेल घालून, एका वेळी एकच. आणि बिजागरीची डबी पाण्यात बुडवायचीच नाही, पितळेच्या पट्टीखाली पाणी राहतं आणि पुण्याच्या पावसाळ्यात ते वाळत नाही, तेच ते हिरवं. कानकोरण्याच्या कापसानं कोरडंच पुसा, लाकडी टूथपिकनं हळूच खरवडा, बास.

गुलाबाची डबी त्या 'ओल्ड कंट्री रोझेस' नावाच्या नक्षीची असेल तर ते नाव तळालाच छापलेलं असतं. ती नक्षी १९६२ ची आहे, म्हणजे डबी त्याच्या आधीची असूच शकत नाही, आत्याच्या काळात ती नवी वस्तू होती. असं एखादं वर्ष हाताला लागलं की फार बरं वाटतं.

ईस्टस्ट्रीट:

वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी आई अशाच एका घरी मुलं सांभाळायला जायची, कॅम्पातच. त्या घरात आरशासमोर अशा चार-पाच डब्या कायम असायच्या, एकीत पिना, एकीत पावडरचा पफ, एकीत तुटलेल्या माळेचे मणी, आणि बाई गेली की कुणीतरी त्यातलं काहीतरी मागून घ्यायचं. लग्नात, वाढदिवसाला द्यायची ही वस्तू, आपल्याकडे कुंकवाचा करंडा देतात तशी. म्हणून मला वाटतं आत्यांनी त्यात हळद ठेवली ते अगदी बरोबर केलं. आपल्याकडेही चांदीची कुयरी, लाकडी करंडा, फणेरपेटी हे सगळं असंच तर होतं, हातात मावणारं, झाकणाचं, एका बाईचं.

माझं म्हणणं हळद काढू नका. कुणाला पटो न पटो.

मातीकाम:

ईस्टस्ट्रीट ताई, पटलं. मी डाग म्हटलं की काढायचाच असं धरून चालले. पण तसं ठेवायचं असेल तर उन्हापासून लांब ठेवा, नाहीतर आपोआपच जाईल.

चिमणखण:

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री गोधडी पसरून बसले, आई पण बसली शेजारी, टॉर्च तिनं धरला.

तलवारी नखाला लागतात. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, पण भिंगातून (शेजारच्या घड्याळवाल्या काकांनी दोन दिवसांसाठी दिलं) फुलं बघितली तर कुंचल्याचे फराटे स्पष्ट दिसतात, एका पाकळीवर तर रंगवणाऱ्याचा केस अडकल्याची खूण तशीच भाजली गेलीय. आईला ते इतकं आवडलं की ती सारखी तेच बघत होती. लिमोजच्या डबीवर रेघ छापील आणि रंग हाताचा.

ड्रेसिंग टेबलाच्या तळाला आकडा आहे! चार अंकी, मातीत दाबलेला. आणि पक्ष्याच्या झाकणाच्या आत लाल रंगात ४७ असं बारीक काढलंय.

अजून एक, आई म्हणाली की गुलाबाची डबी आत्यानं आधी देवघरात अष्टगंधासाठी ठेवली होती आणि आजीनं ती उचलायला लावली, हाडाची आहे म्हणून. हे खरं आहे का? मला वाटायचं बोन चायना हे नुसतं नाव आहे.

मातीकाम:

खरं आहे, आजींना माहीत होतं म्हणजे कमाल आहे. बोन चायनात जनावरांच्या हाडांची राख असते, पारंपरिक कृतीत साधारण निम्मी, आणि त्या राखेनंच तो दुधाळ पांढरा रंग आणि पातळ असूनही मजबुती येते. इंग्लंडमध्ये स्टोकच्या स्पोड घराण्यानं १७९० च्या दशकात ती कृती पक्की केली. फ्रेंच, जर्मन, जपानी डब्यांत सहसा ती नसते, त्यांची माती केओलिनची. देवघरात ठेवायची असेल तर लिमोजची ठेवा, आजींची हरकत नसती.

भिंगवाला:

आकडा निघाला म्हणता, मग ऐका. ती डबी बहुतेक जर्मनीतली, थुरिंगिया भागातल्या प्योसनेक गावच्या कोंटा आणि ब्योमे कारखान्याची किंवा त्याच पठडीतली. एकोणिसाव्या शतकात त्यांनी असल्या डब्या आणि छोट्या बाहुल्या ढिगानं केल्या, आरसा, घड्याळ, किटली, झोपलेलं मूल असं झाकणावर घालून, आणि त्या इंग्लंडच्या जत्रांतून विकल्या जायच्या, नेमबाजीत नाहीतर चकतीच्या खेळात बक्षीस म्हणून मिळायच्या. त्यांची खूण म्हणजे ढालीत खंजीर धरलेला हात, पण पुष्कळ मालावर ती नसते, नुसता दाबलेला आकडा असतो. म्हणजे तुमच्या अकरातली ज्यावर काहीच शिक्का नाही तीच बहुधा सगळ्यात जुनी. आता कळलं मी शिक्का शेवटी बघा का म्हणालो ते.

जत्रेतली वस्तू म्हणून कुणी नाक मुरडतं, मला उलट तीच जवळची वाटते. कुणीतरी पोरानं चार आण्याची कमाई घालवून एखादीसाठी जिंकलेली असणार, मग बोटीनं मुंबई, मग कॅम्प, मग नारायण पेठ.

ऑक्युपाइड जपानची तारीख तर तिच्या अंगावरच लिहिलीय. महायुद्धानंतर जपान दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होतं तेव्हाचा माल, १९५२ ला तो ताबा संपला आणि शिक्काही संपला. जपानी मालाचं हे बरं असतं, १८९१ पासून अमेरिकेच्या कायद्यामुळे देशाचं नाव घालावं लागायचं म्हणून आधी 'निप्पॉन' आणि १९२१ नंतर 'जपान', त्यामुळे नुसत्या शब्दावरून काळ कळतो. सगळ्याच मालावर नसतो, पण असला की सोपं.

माझ्याकडची सगळ्यात आवडती मात्र रिकामीच आहे, तपकिरीची. या झाकणाच्या डब्यांचं मूळ तिथेच आहे, अठराव्या शतकात युरोपात तपकीर ओढायचं वेड होतं आणि तपकीर कोरडी पडू नये म्हणून झाकण घट्ट बसायला हवं, त्यासाठी ही धातूची पट्टी आणि बिजागरी. आमचे आजोबा पितळेच्या डबीतनं ओढायचे, चिमटीत घेऊन. घट्ट झाकणाचा तो टक असा आवाज, तोच आवाज माझ्या लिमोजच्या डबीचा येतो.

काचसामान:

तुटलेल्या डबीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पिवळे पडलेले सांधे म्हणजे जुना गोंद. माझ्याकडे एक डबी होती, मी एका दुरुस्तीवाल्याकडे दिली, त्यानं न विचारता सांध्यावरून रंग मारला, अर्धी नक्षी झाकली, वर लॅकर. परत आली तेव्हा दिसायला अखंड होती पण माझी नव्हती. तेव्हापासून स्वतःच शिकलो.

आधी ओळखा किती दुरुस्त केलीय. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मिळतो, अंधारात मारा, पुष्कळ गोंद आणि नंतर मारलेला रंग वेगळाच चमकतो, मूळ झिलई तशी चमकत नाही. बाकीच्या दहा डब्यांवरही मारून बघा.

सांधा सुटवायचा असेल तर आधी काडीच्या कापसाला साधं ॲसिटोन लावून आतल्या बाजूला कोपऱ्यात टेकवा. रंग कापसाला लागला तर थांबा, तो भाजलेला रंग नाही, न भाजता नुसता वरून लावलेला आहे, सगळा निघून येईल. लागला नाही तर सांध्यावर भिजलेला कापूस ठेवून काचेच्या बरणीत झाकून ठेवा, झटपट चिकटणारा गोंद असेल तर काही तासांत मऊ पडतो. खिडकी उघडी आणि गॅस बंद, हे विसरू नका. तुकडे ओढायचे नाहीत, स्वतःहून सुटू द्यायचे. परत जोडायला संग्रहालयातले लोक पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं वापरतात, ॲसिटोनमध्ये विरघळतं, पिवळं पडत नाही आणि कधीही परत सोडवता येतं. तेच महत्त्वाचं, पुढच्या माणसाला आपली चूक सुधारता यायला हवी. दुकानातलं दोन मिनिटांत चिकटणारं ते नको, ते ठिसूळ होतं आणि दमट हवेत सुटतं.

तुकडे जोडलेली डबी वापरायची नाही, नुसती ठेवायची. पण टाकू नका.

बुधवार_रविवार:

विकण्याबद्दल. ऑनलाइन दिसणारे आकडे मागितलेले असतात, मिळालेले नसतात, चुलतभावाला हे सांगा. आणि ट्रंकेतल्या सगळ्या मिळून विकल्यात तर घेणारा सगळ्यात चांगली बघून त्या एकीचाच भाव करतो, बाकीच्या फुकट. परदेशी कुणाला पाठवायचा विचार असेल तर आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे, शंभर वर्षांवरची वस्तू पुराणवस्तू धरतात आणि बाहेर नेता येत नाही. ती जत्रेतली डबी त्यात बसेल. शंभरच्या आतली आहे असं वाटलं तरी पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घेतलेला बरा, विमानतळावर समजावत बसण्यापेक्षा.

ईस्टस्ट्रीट:

चिमणखण, एकदा केळकर संग्रहालयात जाऊन या आईला घेऊन, शुक्रवार पेठेतच आहे तुमच्यापासून चालत. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली आणि काय गोळा केलं, तर अडकित्ते, दिवे, वज्र्या, घरातल्या रोजच्या वस्तू, ज्यांना तेव्हा कुणी संग्रह म्हणत नव्हतं. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते संग्रहालय आहे. तिथून आल्यावर मी माझ्या आईच्या वस्तूंना चिठ्ठ्या लावल्या. कुठून आली, कुणी दिली, आत काय असायचं. आईंना आठवतंय तोवर विचारून घ्या, नंतर विचारायला कुणी नसतं.

चिमणखण:

आज परत लिहितेय कारण सांगितल्याशिवाय राहवेना.

चिठ्ठ्या केल्या. आईनं सांगितलं, मी लिहिलं, नऊ डब्यांची घरं तिला आठवली. तुटलेली डबी कुणी तोडली तेही कळलं, ती मीच, चार वर्षांची असताना, आणि आत्यानं रात्री चिमणीच्या उजेडात चिकटवली आणि घरात कुणाला बोलू दिलं नाही. ती आता सोडवणार नाही, पिवळ्या सांध्यांसकट राहू दे. बाकीच्यांवर जांभळा टॉर्च मारला, एक जपानी डबीची बोंडी तेवढी चमकली. हळद पण तशीच ठेवलीय, डबी कपाटात आतल्या फळीवर, उन्हापासून लांब. झाकण आणि तळाच्या मध्ये सगळ्यांना टिश्यू घातलाय, आणि शोकेस रस्त्याकडच्या भिंतीला होतं ते हलवलं, पीएमटीची बस गेली की काचा वाजायच्या.

विकायचं नाही ठरवलंय. चुलतभावाला त्याच्या दाताची डबी दिली, तोच जास्त रडला.

आणि पक्ष्याचा तळ. बुधवार_रविवार म्हणाले घरात बघा म्हणून मी सगळ्यांना फोन केले, आत्यानं कुणाकुणाला काय दिलंय विचारत. हडपसरच्या वहिनीनं व्हिडिओ कॉल लावला आणि स्वयंपाकघरात गेली, मिसळणाच्या डब्याच्या शेजारी वेलदोडे ठेवायला एक बिनझाकणाची छोटी पांढरी वाटी होती तिच्याकडे, लग्नात आत्यानं दिलेली, काठाला सोनेरी रेघ. वेलदोडे ओतून तिनं ती उलटी केली. तळाला लाल रंगात ४७.

रविवारी जातेय आणायला, झाकण कापसात गुंडाळून सोबत नेतेय. तिथेच लावून बघणार, कुठे बसतं ते.